गोदीने फोडलेले उंबर

एका डोंगरावर, बांबूच्या बनाला लागून, तुळाजी नावाचा बुरूड राहत होता. बायको सगुणा, नऊ वर्षांची गोदी आणि सहा वर्षांचा हैबती एवढाच त्याचा संसार. सुपे आणि टोपल्या विणून ते पोट भरत.

शाळा डोंगराखालच्या गावात होती. जाऊन येईपर्यंत अर्धा दिवस सरायचा आणि वाटेत दोन ओढे लागायचे. सगुणा माहेरी सातवीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "पोरांना मी घरीच शिकवते."

गावचे पाटील भले माणूस होते. त्यांना ही गोष्ट पटली नाही, पण त्यांनी मोडताही घातला नाही. ते म्हणाले, "शिकव. मात्र दर चैत्रात मास्तर परीक्षा घेतील. पोरं मागं पडली, तर त्यांना गावात आमच्या वाड्यात ठेवून शाळेत घालायचं. मग रडायचं नाही."

सगुणेने दिवसाची घडी बसवली. सकाळी बांबूच्या पट्ट्या सोलताना पाढे. न्याहारीनंतर पाटीवर शुद्धलेखन. जेवण झाले की मुलांनी बनात हिंडावे, एक वस्तू आणावी आणि तिच्याबद्दल पाच वाक्ये सांगावीत. दिवेलागणीला मोठ्याने वाचन. कधी पाहुणे यायचे, कधी बाजाराचा दिवस असायचा, घडी विस्कटायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसवायची. असे दोन चैत्र गेले आणि दोन्ही वेळा मुले उत्तीर्ण झाली.

तिसऱ्या चैत्राला आठ दिवस उरले होते. गोदीने दुपारी बनातून एक हिरवे, कच्चे उंबर आणले. तिने ते विळीवर मधोमध चिरले आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आई, यात फुलं आहेत."

सगुणा टोपलीचा काठ वळत होती. तिने मान वर केली नाही. "उंबराला फूल येत नाही. गेल्या महिन्यात दहादा लिहून घेतलं ना तुझ्याकडून? बिया असतील त्या."

गोदीने मान डोलावली. "बियाच असतील," ती म्हणाली आणि उंबर फेकायला उठली.

सगुणेचा हात थांबला. पोरीने हट्ट केला असता, तर तिला काही वाटले नसते. पण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आईच्या एका शब्दावर पोरीने टाकून दिली, हे तिला खटकले.

"आण ते इकडं," ती म्हणाली.

तिने उंबर उन्हात धरले. आत दाटीवाटीने काहीतरी बारीक, केसरासारखे उभे होते. तिने आणखी तीन उंबरे आणवली आणि सुईच्या टोकाने एकेक कण वेगळा केला. बिया नव्हत्या. मोहरीपेक्षा लहान, पण फुलेच होती. फळाच्या पोटात लपलेली.

"गोदे, मी तुला चुकीचं शिकवलं," सगुणा म्हणाली. "वहीतलं ते वाक्य खोड."

संध्याकाळी तुळाजी बाजारातून आला. सगळे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "अगं, हा मास्तरांचा ठरलेला प्रश्न आहे. उंबराला फूल कधी येतं, असं ते प्रत्येक पोराला विचारतात आणि येत नाही हे उत्तर ऐकून खूश होतात. गोदीला तेच सांगू दे. परीक्षा झाली की खरं काय ते शिकव."

सगुणेने अर्धवट टोपली पुन्हा हातात घेतली. मुले वाड्यावर गेली, तर हे घर कसे खायला उठेल, ते तिला दिसत होते. हैबती अजून तिच्या कुशीवाचून झोपत नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "मग ती एवढंच शिकेल, की खरं घरात बोलायचं आणि मास्तरांपुढं त्यांना आवडेल ते बोलायचं. हे मला शिकवायचं नाही."

परीक्षेच्या दिवशी चावडीवर गाव जमले. हैबतीने वाचून दाखवले, पण तेराच्या पाढ्यात तो दोनदा अडखळला. मास्तरांनी कपाळाला आठी घातली. मग ते गोदीकडे वळले.

"उंबराला फूल कोणत्या महिन्यात येतं?"

शाळेतली पोरे आधीच हसू लागली. गोदीने आईकडे पाहिले. सगुणेने फक्त मान डोलावली.

"महिना नाही सांगता येत," गोदी म्हणाली. "पण येतं. फळाच्या आत येतं."

चावडीवर हशा पिकला. मास्तर करड्या आवाजात म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुला?"

सगुणा उभी राहिली. तिचा आवाज ठाम होता. "मी नाही शिकवलं, मास्तर. मी येत नाही असंच शिकवलं होतं. चूक माझी होती. माझ्या पोरीनं ती काढली."

पाटलांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी देवळामागच्या झाडाचे एक कच्चे उंबर आणवले, खिशातल्या चाकूने कापले आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते इतका वेळ पाहत राहिले की हसणारी पोरेही पुढे सरकून उंबरात डोकावू लागली.

"पाटील," ते म्हणाले, "तीस वर्षं मी हा प्रश्न विचारतोय. तीस वर्षं याच झाडाखालून शाळेत जातोय. एकदाही फळ फोडून पाहिलं नाही."

"मग या पोरांचं काय करायचं?"

"राहू द्या घरीच. धाकट्याचा तेराचा पाढा मात्र पक्का करून घ्या." मास्तर सगुणेकडे वळले. "आणि बाई, पंधरवड्यातून एक दिवस मी शाळेतली पोरं डोंगरावर आणीन, त्यांनाही डोळ्यांनी पाहून शिकू दे. चालेल ना?"

"या की," सगुणा म्हणाली. "पण ओढ्याला पाणी कमी असेल तेव्हा या."

तात्पर्य: आपली चूक मुलांसमोर कबूल करणारा शिक्षकच त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवतो, मग ती शाळा गावात भरो की घराच्या ओसरीवर.