बाकावरचा लोर्कन

गोष्ट एका गावातली म्हणून सुरू केली असती, पण हे गाव नव्हे, न्यूझीलंडमधलं चांगलं मोठं वेलिंग्टन शहर. तिथे पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ आयरिश माणसं राहत. आठवडाभर ती विटा रचत, नळ दुरुस्त करत, आणि रविवारी मैदानावर जमून घरच्या आठवणीनं हळवी होत. तिथे त्यांचा गेलिक फुटबॉल चाले. यात चेंडू हातातही घेता येतो, म्हणजे भांडायला जागा भरपूर. दोन खांबांमधल्या आडव्या दांडीखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. किटलीत काळाकुट्ट चहा, घरी भाजलेला पाव, ओल्या लोकरीचा वास. डोळे मिटले की आयर्लंड, उघडले की वेलिंग्टन. म्हणून बरेच जण डोळे मिटूनच खेळत.

त्यातल्या एका क्लबाचा म्होरक्या फिंटन. एकोणीस वर्षं करंडकाच्या मागे लागलेला. यंदा तो कायमचा मायदेशी परतणार होता, आणि करंडकाबरोबरचा फोटो नसेल तर गावात कसं तोंड दाखवायचं, या विचारानं त्याला घास गोड लागत नव्हता.

अंतिम सामन्याला समोरच्या क्लबाचे पंधराऐवजी चौदाच गडी आले. नियमाप्रमाणे न खेळताच करंडक फिंटनरावांचा. पण फुकटच्या करंडकाचं कौतुक कोण करणार? मोठेपणाही मिळवावा आणि सामनाही जिंकावा, असा दुहेरी बेत त्यानं शिजवला.

"मॅलकी, माझा एक गडी घे," तो समोरच्या म्होरक्याला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं राखीव गड्यांच्या बाकाकडे बोट दाखवलं. "हा लोर्कन."

टाळ्या जरा मंदावल्या. लोर्कन सहा वर्षं बाकावर होता. बाक झिजला, लोर्कन नाही. सरावात फिंटन त्याला मागे गोलापाशी उभा करी, आणि चेंडू त्याच्या शेजारून निवांत जाई.

"फाटका कोट चर्चला देणाऱ्यातला आहेस तू," मॅलकी म्हणाला. मग लोर्कनकडे वळला. "घरी कुठे खेळायचास रे?"

"पुढे, उजव्या कोपऱ्यात. मैदान समुद्राला लागून. सरळ मारला की चेंडू वाऱ्यानं बटाट्यांच्या वावरात. म्हणून वाकडा मारायला शिकलो."

मॅलकीनं त्याला उजव्या कोपऱ्यात उभा केला.

वेलिंग्टनचा वाराही काही कमी नाही. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे होते आणि चेंडू लोर्कनच्या हाती आला. त्यानं तो खांब सोडून भलतीकडेच मारला. फिंटन हसला. ते हसू तोंडावर असतानाच वाऱ्यानं चेंडू वळवला आणि बरोबर दांडीवरून पलीकडे नेला.

करंडक गेला. फिंटन तरातरा लोर्कनकडे आला. "सहा वर्षं गप्प बसलास?"

"तू म्हणालास मागे उभा राहा. राहिलो."

"कुठलं ते मैदान?"

लोर्कननं गावाचं नाव सांगितलं. ते तर फिंटनच्या गावापासून चार मैलांवर. बाराव्या वर्षी तो तिथेच हरला होता, आणि चेंडू शोधायला बटाट्यांच्या सरींत शिरला होता. ज्या मुलखासाठी तो इतकी वर्षं झुरला, तो मुलूख सहा वर्षं त्याच्याच बाकावर बसून होता.

मग किटली रिकामी होईस्तोवर दोघे बसले. बटाटेवाल्याचं कुत्रं नेमकं कुणाला चावलं, यावर त्यांची जुंपली. करंडक मॅलकीच्या लोकांनी कधीच घरी नेला होता.

तात्पर्य: माणसाला बिनकामाचा ठरवण्याआधी त्याच्याशी चार शब्द बोलावेत, नाहीतर आपण घरचं सोनं भंगार म्हणून देऊन टाकतो, आणि वर टाळ्याही घेतो.