दोन भाकऱ्यांची बिरुदावली

"लगाम ओढला की माझा घोडा जागच्या जागी थांबतो. मग माझी युद्धनौका का थांबणार नाही?"

वेळशेतचे महाराज रणधवल यांनी भर दरबारात नौकेचे कप्तान दळवी यांना हा सवाल टाकला. नौका नवीकोरी होती. किल्ल्याच्या तटाएवढी लांब, पोटात चार टर्बाइनं, डोक्यावर गरगर फिरणारं रडार. अख्ख्या किनाऱ्यावर तिच्याइतकं वेगवान काही नव्हतं. महाराजांच्या वाढदिवसाला ती पूर्ण वेगाने बंदरात यायची होती, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापाशी महाराजांनी "थांब" म्हणताक्षणी थांबायची होती.

"महाराज, ती घोडा नाही," कप्तान म्हणाले. "पाण्याखालचे पंखे उलटे फिरवले तरी ती स्वतःच्या वजनाने पुढे जातच राहते. वळवावी, तर नाक एकीकडे जातं आणि शेपूट दुसरीकडे."

"शेपूट माझ्या घोड्यालाही आहे," महाराजांचे मेहुणे फत्तेराव म्हणाले. ते पागेचे प्रमुख होते आणि कप्तानांच्या टोपीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता.

"नौका बोयाच्या पुढे गेली तर टोपी फत्तेरावांची," महाराजांनी ठरवून टाकलं. "आणि माझा हुकूम सुरू होईपर्यंत वेग कमी करायचा नाही."

बोयाच्या पुढे धक्का होता आणि धक्क्याला कोळीवाड्याच्या होड्या बांधलेल्या होत्या. त्या हलवायलाही महाराजांनी मनाई केली होती. वाढदिवसाच्या दिवशी धक्का रिकामा दिसणं शोभत नाही म्हणे!

कप्तान नौकेवर परतले ते थेट भटारखान्यात जाऊन बसले. तिथे हौसाबाई खलाशांसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिच्या नवऱ्याची होडी त्याच धक्क्याला होती. कप्तानांनी सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "पंखे उलटे फिरवल्यावर नौका थांबायला किती वेळ लागतो?"

कप्तानांनी तव्याकडे बघितलं. "तुमच्या दोन भाकऱ्या होतील एवढा."

"मग पंखे दोन भाकऱ्या आधीच उलटे फिरवा की. आमचा जाड तवा काय, आग काढल्यावर लगेच गार होतो? मी आग आधीच काढते."

"हुकमाआधी हात लावला तर टोपी गेलीच, हौसाबाई."

हौसाबाईने परातीत पीठ घेतलं आणि तिला दसऱ्याचा प्रसंग आठवला. वेळशेतात महाराजांचा कुठलाही हुकूम बिरुदावलीशिवाय निघत नसे. आधी चोपदार त्यांच्या सगळ्या पदव्या म्हणायचा, मग महाराज बोलायचे. प्यायला पाणी मागायचं असलं तरी हेच. दसऱ्याला एक माळी बिरुदावली संपायची वाट बघत झाडाला टेकून उभा राहिला, तेव्हा महाराज गरजले होते, "माझं पहिलं बिरुद निघालं की हुकूम सुरू झाला! तेव्हाच हात हलले पाहिजेत!" बिचारा माळी घाबरून खणत सुटला. महाराजांना फक्त पागोट्यात खोवायला गुलाब हवा होता.

"चोपदाराला बोलवून घ्या," हौसाबाई म्हणाली.

चोपदार आला. हौसाबाईने तव्यावर भाकरी टाकली आणि त्याने सुरुवात केली, "अरिमर्दन, सागरसम्राट, व्याघ्रविदारक..." बिरुदं संपली तेव्हा पहिलीच भाकरी फुगत होती.

"एक भाकरी कमी पडते," हौसाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तळलेल्या सुरमईचं ताट घेऊन राजवाड्यावर गेली. "महाराज, एक शंका होती. बिरुदावली बोयापाशी सुरू झाली, तर तुमचं 'थांब' बोया मागे पडल्यावर ऐकू येईल. लोक म्हणतील, हुकमाला उशीर झाला."

महाराजांचा घास हातातच राहिला. "खरंच की. मग?"

"चोपदाराने आधीच सुरुवात करावी. कुठून, ते कप्तानसाहेब खुणेने सांगतील. आणि वाढदिवस आहे, तर आजोबामहाराजांचीही बिरुदं घ्यावीत."

"भाकऱ्या थापणारीला बिरुदांचं काय पडलंय?" फत्तेराव गुरगुरले.

"ऐकत थापल्या की चांगल्या फुगतात, सरकार."

महाराज खूश झाले. आजोबांची बिरुदं घ्यायचं ठरलं.

वाढदिवसाला महाराज, फत्तेराव आणि चोपदार यांना घेऊन नौका फेस उडवत बंदरात शिरली. काळ्या खडकापाशी कप्तानांनी रुमाल हलवला. चोपदाराने "अरिमर्दन" म्हटलं मात्र, कप्तानांनी पंखे उलटे फिरवायला सांगितले. नौका अंगभर थरथरली. मागे पाणी उकळल्यासारखं झालं आणि फत्तेरावांनी कठड्याला मिठी मारली. महाराजांची बिरुदं संपली, आजोबांची सुरू झाली. धक्क्यावरच्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. आजोबांचं शेवटचं "गजगंडभेदक" निघालं आणि महाराजांनी हात वर केला.

"थांब!"

नौका उभी राहिली. लाल बोया तिच्या कुशीला हलकेच टकटक करत होता.

"फसवणूक आहे, महाराज," कठडा न सोडताच फत्तेराव म्हणाले. "तुम्ही बोलायच्या आधीच यांनी पंखे उलटे फिरवले."

महाराजांच्या भुवया चढल्या. साखरभाताचं ताट घेऊन आलेली हौसाबाई पुढे झाली. "पहिल्या बिरुदाला हुकूम सुरू होतो, असं तुम्हीच दसऱ्याला म्हणालात, महाराज."

"हो, पण मी 'थांब' म्हणणार की 'वळ' म्हणणार, हे पहिल्या बिरुदाला यांना कसं कळलं?"

"माळ्याला तरी कुठे कळलं होतं, महाराज?"

हौसाबाई तेवढ्यावर थांबली नाही. "आणि बिरुदं थोडी जरी कमी असती, तर आमच्या होड्यांचं सरपण झालं असतं. एवढी अवजड नौका थांबेल इतकी लांब बिरुदावली दुसऱ्या कुठल्या राजाकडे आहे, सांगा बरं."

महाराज आधी गालातल्या गालात हसले, मग पोट धरून हसू लागले.

"महाराज, लोक बघतायत, थांबा आता," फत्तेराव कुजबुजले.

"राहू द्या, सरकार," हौसाबाई म्हणाली. "तेही मोठे आहेत. थांबायला दोन भाकऱ्या लागतील."

हसू ओसरल्यावर महाराजांनी डोळे पुसले. "टोपी कप्तानांचीच. आणि हौसाबाई, तुला काय हवं ते माग."

"धक्का कोळीवाड्याला द्या, महाराज. आणि ही नौका यापुढे बाहेर खोल पाण्यात उभी करा."

"दिलं!" म्हणत महाराजांनी हुकमासाठी हात वर केला. चोपदाराने छाती भरून श्वास घेतला.

"एवढा हुकूम तरी बिरुदांशिवाय निघू द्या, महाराज," हौसाबाई म्हणाली. "खाली माझा भात लागतोय."

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि वेळशेतात पहिल्यांदाच बिरुदांशिवाय हुकूम निघाला.