साडेसहा मिनिटांचा पाळणा

“मग यात खोट कुठं आहे, ते तरी सांगा ना अण्णा!”

उमाकांतनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

केरबाअण्णा पाळण्याकडे बघत, मांडीवरचा भुसा झटकत बसून राहिले.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेच्या मागं त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलच्या कव्हरांची माळ लटकते, पण तेव्हा त्या बोळात शिरलं की सरसाचा आणि ताज्या सागवानाचा वास यायचा. रविवारी दुपारी बाजार थंडावलेला असायचा. रंध्याचा आवाज पार कोपऱ्यावरच्या हौदापर्यंत ऐकू यायचा. आज आजोबा झालेला उमाकांत शिंत्रे त्या वासाचं नाव निघालं तरी बोलता बोलता थांबतो.

तो होता सूतगिरणीत फिटर. सहा दिवस यंत्रांशी झटापट, आणि सातव्या दिवशी अण्णांकडे हौसेनं सुतारकाम. तशी त्याला हौसेची कामं चिकार. कॅरममध्ये गल्लीत कुणाला ऐकायचा नाही. हिरण्यकेशीवर गळ टाकून बसायचा. रेडिओ उघडून परत जोडायचा, आणि जोडल्यावर एखादा स्क्रू उरलाच तर तो मुकाट्यानं खिशात टाकायचा. पण खरा जीव लाकडात. सहा वर्षं तो अण्णांच्या हाताखाली शिकत होता.

सहा वर्षांत अण्णांनी त्याला एकदाही शाबासकी दिली नव्हती. एखादी वस्तू मनासारखी उतरली की ते नुसतं म्हणायचे, “ने घरला.” तेवढंच. आणि ते म्हटल्याशिवाय दुकानातून ढलपीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा तिथला रिवाज.

हा पाळणा मात्र असा झाला होता, की ‘ने घरला’ हे शब्द अण्णांच्या तोंडून आपसूक पडतील याची उमाकांतला खात्री होती. खात्री कसली, गुर्मीच म्हणा ना!

शैला, त्याची बायको, पहिल्या बाळंतपणासाठी निपाणीला माहेरी गेली होती. दिवस भरत आले होते. रीतीप्रमाणं पाळणा द्यायचा मान तिच्या माहेरचा. पण या पठ्ठ्यानं सासऱ्यांना पत्र धाडलं, ‘पाळणा मी स्वतः करणार. आपण तसदी घेऊ नये.’ शैलाचं उत्तर आलं, ‘आई म्हणते, जावईबापूंनी हाही मान ओढून घेतला. आता बारशाच्या घुगऱ्या-लाडू तरी आम्हाला करू द्या.’

मूल व्हायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत. म्हणून सारं काम अण्णांच्या दुकानातच चाललं होतं. चार रविवार गेले होते त्यात.

“आता हलवून दाखवतो,” म्हणत उमाकांतनं पाळण्याला हात घातला.

“थांब!” अण्णा ओरडले. “रिकामा पाळणा हलवायचा न्हाई. कळत न्हाई व्हय तुला?”

उमाकांतनं जीभ चावली.

अण्णा उठले. कोपऱ्यातला बाभळीचा एक ओंडका त्यांनी उचलला. दोन्ही हातांत तोलून बघितला, ठेवला, जरा लहान दुसरा घेतला. खांद्यावरचा पंचा काढून त्यात तो नीट गुंडाळला, आणि एका टोकाला डोकं आहे असं समजून हलकेच पाळण्यात ठेवला.

त्यांचा तो हात बघून उमाकांतला उगाचच भरून आलं. महिन्याभरात खरंच कुणीतरी असंच तिथं निजलेलं असेल, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं म्हणायला हरकत नाही.

“दे आता झोका.”

उमाकांतनं झोका दिला. एकच. आणि हातातलं घड्याळ बघू लागला.

पाळणा हलत राहिला. करकर नाही, कुरकुर नाही. पाळणा जिच्यावर झुलत होता त्या दांडीच्या दोन्ही टोकांना त्यानं बेरिंग बसवली होती. गिरणीतल्या कामाचा फायदा दुसरा काय!

“आवाज ऐकलात? नाहीच येत!” तो म्हणाला. “अख्ख्या तालुक्यात असा पाळणा नसेल, अण्णा. एका झोक्यात साडेसहा मिनिटं! मी मोजलंय. दर वेळी साडेसहा.”

“हं...”

“पोरापाशी कुणी बसून राहायला नको. झोका द्यायचा की आपण मोकळे.”

“मोकळा हून तू काय करनार?”

“मी? काय वाटेल ते! बुद्धिबळाचा पट अर्धा राहिलाय, तो पुरा करीन. सामना असला तर रेडिओ. चार डाव कॅरमचे...”

“आनि शैला?”

“तीही मोकळी. तिला भरतकामाची केवढी हौस आहे.”

“हं...” अण्णांनी तंबाखू चोळायला घेतली.

पाळणा हलत होता. दोघं बघत होते. बोळातून एक सायकल गेली. हौदावर कुणीतरी कळशी बुडवली. अण्णांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली, हात झटकले, आणि तरीही पाळणा हलतच होता.

उमाकांतला सुरुवातीला अभिमान वाटत होता. तीनेक मिनिटांनी त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. त्यानं ते मागं बांधले. मग पुढं घेतले. मग एक पटाशी उचलून परत ठेवली.

झोके लहान झाले. आणखी लहान. पाळणा थांबला.

“थांबला,” अण्णा म्हणाले.

“मग परत एक द्यायचा.”

“कोन देनार?”

“जो जवळ असेल तो.”

“कोन असंल?”

उमाकांत कठड्यावरचा नसलेला भुसा फुंकू लागला.

अण्णांनी हा विषय तिथंच सोडला. उठून पाळण्याभोवती एक फेरी मारली. कठड्यावरून हात फिरवला. सांध्यावर नख ओढून पाहिलं, कुठं अडकत नव्हतं. उमाकांतला आशा वाटली. आता म्हणतील...

“दोरी कुठं बांधायची?”

“दोरी?”

“पाळन्याची दोरी. भोक कुठाय? कडी कुठाय?”

“अहो अण्णा, तेच तर सांगतोय मघापासून,” उमाकांत हसला. “याला दोरी लागतच नाही!”

अण्णा हसले नाहीत. पाळण्याशेजारी खाली भुशातच बसले. बोलले ते त्याच्याशी नाही, पंच्यात गुंडाळलेल्या ओंडक्याशी बोलल्यासारखे.

“माझा बा गाड्याची चाकं करायचा. आई मजुरीला, दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जायची. धाकटी भागू पाळन्यात. पाळना कसला, आईच्या जुन्या लुगड्याची झोळी. बा छपराखाली बसायचा वाकस घिऊन, आनि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा.”

“अंगठ्याला?”

“उजव्या. हात वाकसानं चाकाचे आरे तासायचे, पाय पोरीला हलवायचा. मी आठ वर्सांचा. समोर बसून बघायचो. वाकसाचा घाव चुकला न्हाई कधी, आनि झोका बी चुकला न्हाई. मधीच भागू किरकिरली की बा काम न थांबवता हुंकार द्यायचा. ‘हं... हं...’ असा. गानं बिनं येत नव्हतं त्याला. तेवढ्यावर ती निजायची.”

अण्णांच्या त्या ‘हं’चं मूळ उमाकांतला सहा वर्षांनी सापडलं होतं. त्याला वाटलं, आपण इतके दिवस रुसायचो ते उगाचच.

“लई वर्सं झाली. पन अजून कुठं वाकस चालला की मला झोळी हलताना दिसती बघ. ते छप्पर ग्येलं, लुगडं ग्येलं, भागू बी ग्येली. तो हुंकार तेवढा कानात ऱ्हायला.”

बाहेर ऊन कलत होतं. दाराच्या फळ्यांमधून आलेल्या उजेडात भुसा तरंगत होता.

“बा वारला तवा आम्ही त्याला अंघोळ घातली. मी पायाशी हुतो. उजव्या अंगठ्याला गोल वळ हुता. खोल. आम्ही पाच भावंडं... पाच जनांची दोरी वढून पडलेला वळ. साठ वर्सांचा झाला तरी बुजला न्हाई. तो अंगठा धरून मी जो रडलो! लोकास्नी वाटलं, बापाच्या पाया पडतोय.”

उमाकांत खाली बसला. अण्णांच्या समोर, भुशात.

मग अण्णांनी एक विचित्र गोष्ट केली. उजव्या पायातली वहाण काढली आणि तो पाय सरळ उमाकांतच्या मांडीवर ठेवला. उमाकांत दचकला. गुरूचे पाय धरायची सवय होती त्याला, पण असे मांडीवर आलेले पाय त्यानं कधी पाहिले नव्हते.

“बघ.”

“काय बघू?”

“अंगठा बघ. नीट बघ. वळ हाय का?”

उमाकांतनं अंगठा दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवला. टाचेला भेगा होत्या, तळव्याला घट्टे होते. अंगठा मात्र गुळगुळीत होता.

“नाही, अण्णा.”

“न्हाईच.”

“मी बी केला हुता पाळना,” अण्णा म्हणाले. “शिसवाचा. पितळी मोरांचा. आजऱ्याहून लोक आलते बघायला. आपल्या श्रीपतीसाठी. त्यो पाळना चांगला हुता रे. लई चांगला. मी त्यो केला, आनि दुसऱ्या दिवशी दुकानात आलो. मग रोजच दुकानात आलो.”

श्रीपती अण्णांचा मुलगा. पुण्याला नोकरीला होता. गणपतीला यायचा, वाकून नमस्कार करायचा, “बरं आहे ना?” विचारायचा. अण्णा “बरं हाय” म्हणायचे. उमाकांतनं हे सहा वर्षं पाहिलं होतं. बापलेकांचं भांडण त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्या दोन वाक्यांपलीकडं काहीच ऐकलं नव्हतं, हे त्याच्या आता ध्यानात आलं.

“चांगला हाय पोरगा,” अण्णा म्हणाले. “त्याचा काय बी दोष न्हाई.”

त्यांनी पाय काढून घेतला. वहाण घालायला त्यांना जरा वेळ लागला.

“शैलाकडं कधी ग्येलतास?”

उमाकांतनं हिशेब करायचा आव आणला, पण करण्यासारखं काही नव्हतं. निपाणी एसटीनं दीड तासावर. सवड फक्त रविवारची. आणि चार रविवार त्यानं इथंच काढले होते. कालच शैलाचं पत्र आलं होतं. ‘फार लाथा मारतंय. स्ट्रायकर मारायची हौस पोटातूनच घेऊन येणार असं दिसतंय. हात लावून बघाल तर कळेल. तुम्ही कधी येता?’ आणि त्यानं लगोलग कार्डावर लिहून टाकलं होतं, ‘पाळणा झाला की येतो.’

ते कार्ड अजून त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. त्याला एकदम स्वतःची लाज वाटली. अगदी कानशिलं तापेपर्यंत.

“महिना झाला,” तो म्हणाला.

“हं...”

उमाकांत उठला. खुंटीवरचं गिरमिट काढलं. पाळण्याच्या कठड्याला, बरोबर मधोमध, त्यानं टोक टेकवलं. चार रविवार घासून, पॉलिश मारून आरशासारखं केलेलं लाकूड होतं ते. क्षणभर त्याचा हात अडला. मग त्यानं दाब दिला. सागवानाची बारीक सालं वळत वळत बाहेर पडली.

भोक आरपार गेलं. त्यानं कानस घेऊन त्याच्या कडा गोल केल्या, दोरी कापू नये म्हणून. अण्णा बघत होते.

“बेरिंग काढून टाकू का, अण्णा?”

“कशाला? चांगली हायत की. बसवलीस बी नीट.”

सहा वर्षांत पहिल्यांदा! एरवी उमाकांत या शब्दांवर महिनाभर उड्या मारत राहिला असता. आज ते त्याच्या कानावरून गेले.

अण्णांनी फळीवरून सुती दोरीचं एक बंडल काढलं. मऊ, दुहेरी पिळाची दोरी. टोक उमाकांतच्या हातात दिलं. उमाकांतनं ते भोकातून ओवलं, गाठ मारली, ओढून बघितली. मग बंडल उलगडत तो दुकानात मागं मागं सरकला. फिटरच तो. मापाशिवाय हात चालायचा नाही. एका हातात दोरी धरून दुसऱ्या हातानं त्यानं खिशातली घडीची फूटपट्टी काढली.

दारापाशी येऊन तो थांबला. दोरी अजून पुष्कळ उरली होती. कापायची कुठं, ते कळेना.

“अण्णा, किती फूट ठेवू?”

अण्णांनी पाळण्यातला ओंडका उचलला. त्याच्यावरचा पंचा सावकाश सोडवला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

“पाचची गाडी हाय निपाणीला,” ते म्हणाले. “आधी शैलापाशी जाऊन बस... माप मग निघंल.”