सुभेदाराचे गुडघे

"मी चित्रात पाहिजेच! पण गुडघे टेकणार नाही, आणि चित्रातल्या कोणाहूनही लहान दिसणार नाही!"

सुभेदार बाल्तासारने काठी फरशीवर आपटली. पेरू देशातल्या कुस्को शहरावर तेव्हा स्पेनच्या राजाचा अंमल होता. राजा राहिला समुद्रापलीकडे, त्यामुळे सुभेदारच राजा! चर्चच्या वेदीमागे मारियामातेचं मोठं चित्र लावायचं होतं आणि खर्च सुभेदाराचा होता. रिवाज असा, की खर्च करणाऱ्याला चित्राच्या खालच्या कोपऱ्यात हात जोडून, गुडघ्यांवर बसलेला, इवलासा काढायचा.

"मातेसमोर गुडघे न टेकलेला माणूस या भिंतीवर चढणार नाही," पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले.

दोघेही चित्रकाराकडे वळले. चित्रकार इलारियो मायता खांबाआड लपता येईल का ते बघत होता.

"सणाला एक महिना आहे," सुभेदार म्हणाला. "तोवर आम्हा दोघांचंही समाधान झालं पाहिजे. नाहीतर तुझी रवानगी चांदीच्या खाणीत!"

खाणीत कोण जाणार याची यादी सुभेदारच करायचा, आणि गेलेला माणूस सहसा परत येत नसे.

"जशी आज्ञा, सरकार!" इलारियो म्हणाला. 'नाही' हा शब्द त्याला आयुष्यात कधी वेळेवर सुचलाच नव्हता.

घरी पोचेपर्यंत तो स्वतःला शिव्या घालत होता. खरी गोम वेगळीच होती. इलारियोला गुडघे काढताच येत नव्हते! पायही येत नव्हते. वीस वर्षं त्याने संतांचे पाय ढगांत बुडवले होते आणि गाव म्हणत होतं, ढग काढावेत तर इलारियोनेच! झाकली मूठ सव्वा लाखाची. उंट त्याने जन्मात पाहिला नव्हता, म्हणून बाळ येशूला बघायला उंटांवरून बेथलेहेमला निघालेल्या तीन राजांना त्याने लामांवर बसवलं होतं. लामा म्हणजे त्या डोंगरातलं लांब मानेचं, लोकरीचं जनावर. त्याच्यावर मोठा माणूस बसला तर ते मटकन खाली बसतं आणि वर थुंकतं. बायका अजून त्या चित्रासमोर तोंडाला शाल लावून हसत.

"तोमासा, मी मेलो!" त्याने बायकोला सगळं सांगितलं.

तोमासा त्याचे रंग घोटायची आणि त्याची अक्कलही. "अहो, गुडघे तुम्हाला येत नाहीत, त्याला नको आहेत. असं गिऱ्हाईक शोधून मिळायचं नाही! रडताय कसले? जेवा आधी."

ती चुलीवरून उकडलेल्या बटाट्यांची हंडी घेऊन आली. चारही पोरांची तोंडं एकदम वळली. हंडी इलारियोच्या पाठीमागे होती, त्याला दिसत नव्हती. पण पोरांच्या डोळ्यांवरून ती नेमकी कुठे आहे ते कळत होतं. दाराशी आली, चटईशी आली, टेकली!

इलारियो ताडकन उठला. "मोठा भोपळा कुठे मिळेल?"

"घरात बटाटे शिजलेले असताना?" तोमासा ओरडली. पण तो गेलाच.

सणाच्या दिवशी चर्च खचाखच भरलं. चित्रावरचा पडदा सरला. मध्ये मारियामाता, भोवती बावीस देवदूत, खाली भरपूर ढग आणि कोपऱ्यात एक लामा. सुभेदाराचा कुठे पत्ताच नाही!

"मी कुठे आहे?" सुभेदार गरजला.

इलारियो खांबाआडून पुढे आला. "सरकार, चित्र अजून पुरं व्हायचंय. आपण आपल्या खुर्चीवर बसलात की होईल."

सुभेदाराची खुर्ची वेदीच्या डाव्या हाताला होती आणि वर्षातले बहुतेक दिवस रिकामी असे. तो रागारागाने जाऊन बसला, आणि लोकांत कुजबुज सुरू झाली. माता त्याच्याकडे बघत होती. बावीस देवदूत त्याच्याकडे बघत होते. लामासुद्धा! मग लोकही वळून त्याच्याकडेच बघू लागले.

"कोपऱ्यात काढलं असतं तर आपण वीतभर झाला असता, सरकार. आता या चित्रात आपल्याएवढं मोठं कोणी नाही. आणि आपण गुडघेही टेकलेले नाहीत!"

"पण मातेसमोर..." पाद्रीबाबा पुढे सरसावले.

"भिंतीवर कोणी चढलंय का, पाद्रीबाबा? खुर्चीवरच्या माणसाने गुडघे कधी टेकायचे, ते प्रार्थनेच्या वेळी आपण सांगालच!"

सुभेदाराने डोळे बारीक केले. "आणि मी आलोच नाही तर?"

"तर चित्र अपुरं राहील, सरकार. गाव विचारील, माता कोणाची वाट बघतेय?"

पाद्रीबाबांचा चेहरा खुलला. सुभेदार वर्षातून दोनदाच चर्चला यायचा.

"हुशार आहेस!" सुभेदार म्हणाला. "पण मी महिनाभर इकडे फिरकलो नाही. मग सगळ्यांचे डोळे इतके नेमके माझ्यावर कसे बसवलेस?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण शहाणपण इलारियोकडे मुक्कामाला कधी थांबत नसे.

"खुर्चीवर भोपळा ठेवला होता, सरकार."

तोमासाने कपाळावर हात मारला.

"भोपळा?"

"साधासुधा नव्हे, सरकार! आपल्या मापाचा मिळेपर्यंत तीन बाजार पालथे घातले!"

सुभेदार लालबुंद झाला. मग त्याचं पोट हललं, मग खांदे हलले, आणि तो असा खदखदून हसला की वेदीवरच्या मेणबत्त्या फडफडल्या. "आणि एवढे ढग कशाला रे?"

"मला पाय काढता येत नाहीत, सरकार."

सुभेदार आणखी हसला. त्याने सगळ्यांसमोर इलारियोचं नाव खाणीच्या यादीतून कायमचं काढायला लावलं, आणि आपले उंच कातडी बूट ओढून काढून त्याच्या हातात ठेवले. "घे! हे समोर ठेव आणि पाय शीक!"

इलारियोने बूट घरी नेले, समोर ठेवले आणि वर्षभर मन लावून काढले. पुढच्या सणाला त्याच्या सगळ्या देवदूतांनी गुडघ्यांच्या वरपर्यंत बूट घातले होते.