सिदूने उचललेला भंडारा

एका उघड्या माळावरच्या गावात सिदू नावाचा सणगर राहत होता. मेंढीच्या लोकरीचे घोंगडे विणावे तर त्यानेच. त्याचे घोंगडे पांघरून माणूस पावसात उभा राहिला तरी आत कोरडा असे. पण सिदूच्या स्वतःच्या डोक्याला असले पांघरूण नव्हते. जवळ कोणी नसताना त्याला माणसे बोललेली ऐकू येत, आणि ती कधीच चांगले बोलत नसत. तरुणपणी एकदा ती इतकी बोलली, की सिदू मागावरून उठून रानोमाळ पळत सुटला होता.

तेव्हापासून त्याची थोरली बहीण हौसाबाई त्याला सांभाळत होती. तालुक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या ती रोज आपल्या हाताने देई. गोळ्यांनी आवाज हळू होत, बंद होत नसत. उरलेल्या आवाजांवर सिदूचा उपाय एकच, विडी. एक विझली की दुसरी. छाती खोकून खोकून खिळखिळी झाली होती. दवाखान्यातले जुने डॉक्टर त्याला बघताच म्हणत, "आधी विडी सोड, मग तोंड दाखव." सिदू विडी सोडत नसे. तोंड दाखवणे तेवढे सोडी.

मग तिथे नलिनीबाई नावाच्या डॉक्टर आल्या. हौसाबाईने सिदूला ओढतच त्यांच्यापुढे नेले.

"विडी सोडायची आहे का रे?" त्यांनी विचारले.

"न्हाई, बाई."

"बरं. मग आज नको सोडू. पण उठल्या उठल्या ओढतोस ना, ती पहिली विडी जरा पुढे ढकल. मागावरच्या सुताला खळ लावून झाली की ओढ. नाही जमलं, तर नाही जमलं म्हणून सांगायला ये. माझ्याशी खोटं बोलू नकोस, एवढंच माझं मागणं."

सिदूला इतके कमी कोणीच मागितले नव्हते. पहिल्यांदा त्याला जमले नाही. त्याने तसे जाऊन सांगितले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला बघू." मग त्याला युक्ती सापडली. तो डोळे उघडताच खळीच्या भांड्यात हात घाली. चिंचोक्याची ती खळ हाताला अशी चिकटे, की विडी धरताच येत नसे. पुढे दुसरी विडीही भाकरी खाऊन होईपर्यंत लांबली. खोकला कमी झाला. आवाज गेले नाहीत, पण एका संध्याकाळी तो बहिणीला म्हणाला, "आक्का, आज ती लांबनं बोलत्यात." हौसाबाई त्या दिवशी चुलीपुढे बसून आनंदाने रडली.

आता गावच्या पाटलांकडे वळू. केराप्पा पाटील, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचा बाप विडीपायी खोकत खोकत त्यांच्या मांडीवर गेला होता. तेव्हापासून विडी दिसली की आबांच्या अंगाचा तिळपापड होई. आबा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

आबांनी ठरवले, आपले गाव विडीमुक्त करायचे. बिरोबाच्या जत्रेत एकेक गडी देवापुढे आला, देवाची हळद, म्हणजे भंडारा, उचलून त्याने शपथ घेतली आणि विडीचे बंडल आगीत टाकले. भंडारा उचलला म्हणजे शब्द देवाला दिला, त्या मुलखात त्याच्यापुढे काही नाही. आबांच्या गालात तेव्हाही तंबाखू होती. तिचा धूर निघत नाही, म्हणून ती कोणी धरली नाही. गावच्या कमानीवर 'विडीमुक्त गाव' अशी पाटी लावायचे ठरले. सगळ्यांनी शपथ घेतली, राहिला एकटा सिदू.

हौसाबाई आबांच्या पाया पडली. "त्याला नका वढू ह्यात. त्यो सोडाय लागलाय, त्याच्या चालीनं."

"सोडाय लागलाय म्हंजी सोडू शकतोय. एक झटका दिला की झालं!"

"दवाखान्यातल्या बाईस्नी तरी इचारा."

"बिरोबापरास बाई मोठ्या झाल्या व्हय गं?"

सिदूला देवळापुढे आणले. ढोल वाजत होते. लोक चांगभलं करत होते. कित्येक वर्षांत सिदूला कोणी असे नाव घेऊन आपल्यात बोलावले नव्हते. लग्नात, बारशात लोक त्याला टाळत. आज सगळे गाव त्याच्याकडे मायेने बघत होते. त्या मायेला तो भुलला आणि त्याने भंडारा उचलला. आबांनी त्याला मिठी मारली. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

सिदूने दात आवळून काही दिवस काढले. झोप उडाली. आवाज लांबून जवळ आले. शेवटी मेंढवाड्यामागे बसून त्याने घरात राहिलेली एक विडी ओढली, आणि आवाजांना बोलायला नवा विषय मिळाला. शपथ मोडलीस. देवाला फसवलंस. पूर्वी हौसाबाई म्हणायची, ते खोटं बोलतात, लक्ष देऊ नकोस. आता ते खरे बोलत होते.

दवाखान्याचा दिवस आला तर सिदू उंबऱ्यातून हलेना. "देवाला फसीवलंय मी. कुठल्या तोंडानं बाईंपुढं जाऊ?"

"जाऊन खरं सांग की. त्या न्हाई रागवायच्या."

"त्या न्हाई रागवायच्या. बिरोबाचं काय?" आणि हातातली गोळी त्याने परत केली. "खोटारड्याला औषिद लागू पडत न्हाई, आक्का."

हौसाबाई धावत आबांकडे गेली. "आबा, तुमीच शपथ घातली, तुमीच सोडवा. देवापुढं या आन् दोन शब्द बोला, सिदू मोकळा झाला म्हना. तुमचं ऐकंल त्यो."

आबांना तिचे म्हणणे कळले होते, हे मी मुद्दाम सांगतो. पण कमानीवर पाटी चढायची होती, तालुक्याचे पाहुणे यायचे होते. ते म्हणाले, "एकाला सोडवलं तर समदं गाव सुटंल. पाटी लागू दे, मग बघू."

पाटी लागली. ढोल वाजले, पेढे वाटले, भाषणे झाली. हौसाबाई पाणी आणायला गेली होती. परत आली तेव्हा मागावर अर्धे घोंगडे होते आणि सिदू नव्हता. थंडीचे दिवस होते. अंगावर काहीही न घेता तो निघून गेला होता.

मग मात्र आबा धावले. त्यांच्या गावात आता विडी मिळत नव्हती, म्हणून ते शेजारच्या गावी गेले आणि स्वतः विडीचे बंडल विकत घेतले. ते हातात धरून सिदूच्या बापाच्या वयाचा तो माणूस माळावर ओरडत फिरला, "सिदू, वढ बाबा, लागंल तेवढी वढ! बिरोबाला मी सांगतो. पन घरला ये!" टेकड्यांवर त्याला ओ देणारे कोणी नव्हते. माणसे पाठवली, पोलिसांना कळवले, नलिनीबाई स्वतः गावोगाव विचारत हिंडल्या. सिदू सापडला नाही.

आबा हौसाबाईच्या दारात येऊन खाली बसले. ती एवढेच म्हणाली, "ह्येच तवा देवापुढं बोलला असता, आबा, तर माझा भाऊ आज मागावर असता."

पाटी अजून कमानीवर आहे. त्या गावात विडी ओढणारा एकही माणूस उरलेला नाही, हे आता अगदी खरे आहे.

तात्पर्य: ज्याची व्यसन सोडण्याची अजून तयारी नाही, त्यालाही मदत हवीच असते, त्याच्याबरोबर त्याच्या चालीने चालावे, आपल्या घाईची शपथ आजारी माणसाच्या गळ्यात घालू नये.