नदीची टोपली

एक होती नदी. राजाही होता, येतोय तो, जरा दम धरा. पण आधी नदी, मग राजा. ती नसती तर त्याला काळ्या कुत्र्यानंही विचारलं नसतं. नदीचं नाव सावळी.

सावळीच्या काठी बंदर होतं. घाटावरून बैल गूळ नि तांदूळ घेऊन उतरायचे, समुद्रावरून गलबतं खजूर नि तांबं घेऊन वर यायची. मग हमालाला काम, दोर वळणाऱ्याला काम, शिडं शिवणाऱ्या बायकांना काम. खाणावळीतल्या मांजरीसुद्धा गुबगुबीत. अख्खं गाव सावळीच्या पाण्यावर जेवायचं, बरं का.

त्या गावाची एक रीत होती. बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक गलबतानं धक्क्याखालचा गाळ एक टोपली भरून घ्यायचा आणि लांब खोल समुद्रात नेऊन टाकायचा. नदी डोंगरावरून गाळ आणते, तिला तो एकटीला वाहवत नाही. म्हणून रोज शंभर गलबतं आणि शंभर टोपल्या. तिथं धाकू नावाचा तांडेल होता, म्हणजे गलबत हाकणारा. त्याला बापानं सांगून ठेवलं होतं, "आधी तिची टोपली, मग आपलं पोट."

मग एकदा काय झालं, बंदरावरचा मोठा व्यापारी गुणाजी शेट राजाकडे गेला. म्हणाला, "महाराज, चिखल कोण विकत घेतं? त्या जागेत गुळाच्या ढेपा जातील." राजानं मान डोलावली. राजे मान डोलवायलाच तर असतात! दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, टोपली बंद.

वर शेटनं आणखी एक काडी टाकली. या मोसमात जो तांडेल सगळ्यांत जास्त माल नेईल, त्याला दोन डोलकाठ्यांचं नवंकोरं गलबत बक्षीस. धाकूचं गलबत बापाच्या वेळचं, सतरा ठिकाणी ठिगळं लावलेलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तुमच्या नसतं सुटलं?

मग गावात एक म्हातारी आली. लुगड्यातून सारखं पाणी ठिबकतंय, डोक्यावर गाळाची टोपली. ती आधी गेली राजाकडे. "राजा, माझी एवढी टोपली कुणाला न्यायला सांगशील का?" पहारेकऱ्यांनी तिला हाकललं, महालाची फरशी ओली होते म्हणून.

मग ती गेली शेटकडे. त्यानं तिच्या ओंजळीत मूठभर तांदूळ घातले आणि पुण्य केलं म्हणून खूश होऊन बसला.

मग ती आली धक्क्यावर, धाकूकडे. राजानं तिला ओळखलं नाही, शेटनं ओळखलं नाही. धाकूनं ओळखलं. माझा राग आहे तो त्याच्यावरच. न ओळखणाऱ्यावर काय रागवायचं?

ती म्हणाली, "लेका, एक टोपली."

धाकूनं गलबताकडे बघितलं. काठोकाठ भरलेलं. टोपली घ्यायची तर दोन ढेपा उतरवायच्या. शेजारच्याचं शीड तर वर चढलेलं. तो मान खाली घालून म्हणाला, "उद्या, आजी. पुढच्या खेपेला नक्की."

"बरं," ती म्हणाली. शाप नाही, शिवी नाही. टोपली खाली ठेवली आणि तिथंच बसली.

धाकूनं त्या मोसमात खेपांवर खेपा केल्या. प्रत्येक वेळी म्हातारी तिथंच, आणि प्रत्येक वेळी धाकूचं "उद्या". शेवटी पैज त्यानंच जिंकली. समुद्रापलीकडच्या सुतारांनी नवं गलबत बांधून दिलं, त्याला चार महिने लागले. सागवानाचा वास येतोय, शिडं पांढरीशुभ्र. धाकू ते घेऊन ऐटीत परतला. धक्क्यावर त्याची लेक मथी आरती घेऊन उभी होती. ती त्याला दिसलीसुद्धा. आणि खर्रर्र! गलबत गाळात रुतलं ते रुतलंच.

नदीच्या मधोमध, घोटाभर पाण्यात, ती म्हातारी बसली होती. आजूबाजूला टोपल्यांचे ढीगच्या ढीग. धाकूनं धाडकन उडी मारली, गुडघाभर चिखलातून धावत गेला, तिचे पाय धरले. "आजी, दे टोपली. आत्ता नेतो. सगळ्या नेतो."

म्हातारी म्हणाली, "कशातून नेशील रे, लेका?"

आणि ती उठली आणि गाळात दिसेनाशी झाली.

मग काय, सामान येईना, सामान जाईना. आधी हमाल गेले, मग दोरवाले, मग शिडं शिवणाऱ्या बायका. मांजरीसुद्धा गेल्या. मथीचा नवरा दोर वळायचा, तोही निघाला. मथी रडत म्हणाली, "बाबा, चला आमच्याबरोबर." धाकू म्हणाला, "तू हो पुढं. एवढी टोपली टाकून येतो." आणि तो एकटाच गाळ उपसत राहिला, डोक्यावरून वाहत राहिला. सारा जन्म गेला. उपसून उपसून किती झालं? एका विहिरीएवढं पाणी. त्यात नवं गलबत सोडा, साधी होडी वळली नसती. गलबतात कोंबड्या अंडी घालायच्या.

गोष्टीच्या शेवटी सगळे सुखात असावे लागतात ना? आहेत की! शेट दुसऱ्या नदीवर गेला, तिथं सुखात राहिला. राजानं तिथंच नवा महाल बांधला, तोही सुखात. त्या नदीवर टोपलीची रीत आहे का, हे दोघांनी विचारलंही नाही. धाकूचं मात्र मला सांगवत नाही.

संपली गोष्ट. पाय पांघरुणात घ्या. काय? अजून एक हवी? आता नाही गं, उद्या...

बघा, माझ्याही तोंडून आलाच मेला तो शब्द. निजा आता.