दुसरी सही

"म्हणजे तू गेलास तरी ती जाणार नाही?"

"नाही, अज्जा."

"म्हातारीही होणार नाही?"

"नाही."

"आणि नाव? बापाचं लावते की नवऱ्याचं?"

"तिचं तिलाच नाव असतं. सरकार मंजूर करतं." विरुपाक्ष घुगरेने मांडीवरची फाइल पुढे सरकवली. "कंपनी म्हणजे कायद्याने एक वेगळी व्यक्तीच, अज्जा. प्रायव्हेट लिमिटेड."

टेकडीवरच्या मठातले स्वामी ऐंशीच्या पुढचे होते. गावोगावचे लोक त्यांना अज्जा म्हणत. त्यांनी फाइलला हात लावला नाही.

विरुपाक्ष गडहिंग्लजच्या एमआयडीसीत औषधफवारणीचे पंप बनवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी घराच्या पडवीत सुरू केलेलं काम आता चौतीस माणसांच्या शेडमध्ये पोचलं होतं. पाटीवर त्याचंच नाव, बँकेत त्याचंच, लायसनवरही त्याचंच. मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तो सोळा दिवस कोल्हापूरच्या दवाखान्यात पडून राहिला. ते सोळा दिवस शेडही पडून राहिली. माल तयार होता, गिऱ्हाइकं खोळंबली होती. पण सहीवाचून एक पेटी गेटबाहेर गेली नाही. तेव्हा सीए म्हणाला, घुगरे, तुमची फर्म म्हणजे तुम्हीच. तुम्ही आडवे झालात की तीही आडवी होते. कंपनी करून टाका.

विरुपाक्षाला ते पटलं. कागद तयार झाले. आज चांगला दिवस पाहून त्यांना अज्जांच्या हातची विभूती लावून घ्यावी, म्हणून तो बायकोला घेऊन वर आला होता. शिवलीला पायरीवर बसली होती, जरा लांबच.

"मग ही तुझी वेगळी व्यक्ती... मालक कोण तिचा?"

"मीच. शंभरातले नव्याण्णव हिस्से माझे."

"आणि एक?"

"हिचा. कायद्याला दोन माणसं लागतात. डायरेक्टरही दोन. दुसरं नाव आपलं नावापुरतं."



अज्जा पायरीकडे वळून म्हणाले, "पोरी, तू कशावर सही केलीस?"

"माहीत नाही अज्जा. यांनी पेन्सिलीने फुली करून ठेवली होती. तिथं केली."

विरुपाक्ष हसला. आपण एकटेच हसलो, हे त्याला जरा उशिरा कळलं.

"ते जाजम घडी करून ठेव," अज्जा त्याला म्हणाले.

आदल्या दिवशीच्या प्रवचनाचं जाजम अंगणात तसंच पसरलेलं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हाताखाली चौतीस माणसं असलेल्या विरुपाक्षाला हे काम कुणी सांगून वर्षं झाली होती. पण अज्जांना नाही कसं म्हणणार? त्याने बाह्या वर केल्या.

एक टोक धरून ओढलं, तर अख्खं जाजम धूळ घेत मागून आलं. मधून दुमडलं, तर कडा जुळेनात. दुसऱ्या बाजूला जाऊन सारखं करावं, तर पहिली बाजू विसकटलेली. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा त्याला दम लागला.

"थांबा. छातीवर ताण येईल." शिवलीला उठली आणि तिने पलीकडची टोकं उचलली.

दोघांनी झटकलं. जाजम ताठ झालं. पण मग दोघंही आपापल्या टोकाशी उभे. मधला भाग जमिनीला टेकला.

"ये इकडे," तो म्हणाला.

"तुम्ही या. माझ्या बाजूला कडा जुळल्यात."

"मीच का?"

"तुमची टोकं माझ्या हातात आल्याशिवाय घडी पडायची कशी?"

 तो चालत गेला, टोकं तिच्या हातात दिली आणि लोंबणारी कड उचलायला वाकला. पुढच्या घड्या भराभर पडल्या. जाजम भिंतीशी ठेवून दोघं कट्ट्यावर टेकले.

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी शेडवर जात होते," शिवलीला म्हणाली.

"तू?"

"डबा द्यायला दुपारी यायची ना कोल्हापूरला, त्याच्या आधी. रोज. माणसं विचारायची, वहिनी, काय करू? पडवीत पहिली दोन वर्षं मीच पंप तपासत होते. काय करायचं ते मला दिसायचं. पण मी सांगून काय उपयोग होता?"

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

अज्जा डोळे मिटून बसले होते. झोपले असतील असं वाटलं...

विरुपाक्षाने फाइल उघडली. पहिल्या पानापासून तो तिला वाचून सांगू लागला. इंग्रजी होतं, तो अडखळत मराठी करत गेला. मधे एका पानावर तो स्वतःच थांबला. ते त्यानेही वाचलेलं नव्हतं.

"मिटिंगला मला बोलवावं लागणार?"

"हो."

"आणि मी येत नाही म्हटलं तर?"

त्याने पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आला. "तर... मिटिंगच होत नाही."

"आणि हिस्सा एक?"



तिने आपल्या सहीचा कागद फाइलमधून काढून त्याच्या हातात दिला. "हा राहू दे. हिस्सा किती ते आधी ठरवू. मग नवा आणा. वाचून सही करीन."

सीए चिडणार होता. मुहूर्तही टळणार होता. विरुपाक्षाने कागद मधोमध फाडला.

शिवलीला मठातल्या एका बाईंना हाक मारून जाजम आत ठेवायला गेली. तो अज्जांसमोर येऊन बसला. इतके दिवस जे कुणाला बोलला नव्हता ते आता तोंडून निघालं.

"अज्जा, सीए सांगत होता, एकदा कंपनी झाली की शेडमधला खिळासुद्धा मला घरी नेता येणार नाही. यंत्रं तिची, माल तिचा. हिस्से होते ते तरी माझे म्हणत होतो. आता तेही वाटायचे... एकोणीस वर्षं घातली मी. मग माझं काय राहिलं?"

अज्जांनी डोळे उघडले.

"शेड किती वाजता उघडतोस?"

"आठला."

"उद्याही आठलाच उघड."